बॉयलरवाल्याच्या घरचा गीझर

ज्या माणसाने वीस वर्षं कंपनीचा बॉयलर सांभाळला, त्याच्या स्वतःच्या घरातला गीझर पोटात दगड होऊन मेला. हे मी कॉलेजमध्ये सांगितलंय, क्लासमध्ये सांगितलंय, मामाच्या हळदीला तर अख्ख्या मांडवाला सांगितलंय. पप्पा दरवेळी बोलतात, "सांग, अजून दहा जणांना सांग." तर घ्या, सांगतेच.

आधी पप्पा. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत बॉयलर अटेंडंट. त्यांच्यासाठी जगात माणसं दोनच प्रकारची, बॉयलर समजणारी आणि बाकीची जनता. आम्ही जनता. रोज जेवताना आम्हाला बॉयलर ऐकायला लागायचा. बॉयलरला साधं पाणी चालत नाही, सॉफ्ट पाणी लागतं. त्यासाठी वेगळी टाकी, वेगळं मशीन. दर शिफ्टला काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब औषध टाकायचं, निळं झालं तर पास, लाल झालं तर पाणी जड, व्हॉल्व बंद! कारण जड पाणी तापलं की आत पांढरा थर धरतो, त्याला स्केल म्हणतात, आणि कागदाएवढा थर चढला तरी बॉयलर कोळसा जास्त खातो, हे मला पाढे यायच्या आधी पाठ झालेलं. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा, बॅटरी घेऊन बॉयलरच्या पोटात शिरायचा. त्या दिवशी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. लग्नाला कधी घातला नाही असला कडक. संध्याकाळी येऊन बोलायचे, "आतून नख फिरवलं त्याने. पांढरं लागलं नाही. नवरीसारखा ठेवलाय मी."

आई भात वाढता वाढता बोलायची, "मग तिचं कन्यादान पण तुम्हीच करा."

आता पाणी. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक घरात नळ दोन. एक पालिकेचा, सकाळी सहाला यायचा आणि चाळीस मिनिटांत गुडबाय. दुसरा बोअरिंगचा, चोवीस तास. बोअरिंग मारली तेव्हा सोसायटीने नारळ फोडला, पेढे वाटले. चोवीस तास पाणी म्हणजे आमच्या गल्लीत आम्ही अंबानी. फक्त ते पाणी कसं होतं ते कोणी बोलायचं नाही. त्यात साबण लावला की फेसाऐवजी दह्यासारखं काहीतरी व्हायचं. केस धुतले की झाडू. स्टीलच्या बादलीला आतून असला पांढरा गिलावा की आपण बादली घेतली की प्लास्टरचं काम काढलं ते कळायचं नाही. डाळ त्यात शिजायचीच नाही, म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला पालिकेचं, बाकी सगळ्याला बोअरिंगचं. हा आमचा धर्म.

आणि धर्मसंस्थापक कोण? आमचे पप्पा! कमिटीत होते ना. जिन्याखाली पाटी लावलेली, ऑइल पेंटने, "पालिकेचे पाणी फक्त पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी. हुकमावरून." हुकूम कोणाचा ते नाही. पप्पांच्याच अक्षरात होता म्हणजे पप्पांचाच. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकी पालिकेच्या पाण्यात कपडे धुताना सापडल्या. पप्पांनी त्यांना जिन्यात उभं करून सुनावलं, अख्खी बिल्डिंग दारात. "वहिनी, लोकं प्यायला मरतायत आणि तुम्ही धुणी काय काढता?" काकींनी ओले हात पदराला पुसले. बादली उचलली, आत गेल्या, दार लावलं. त्यानंतर दोन वर्षं आमच्याशी बोलणं बंद. पप्पा बोलायचे, "शिस्त लावली की माणूस रागावतोच."

तर आमच्या घरात पाणी तापवायला आधी रॉड होता. बादलीत टाकायचा तो. महिन्याभरात तो पिठीसाखरेत लोळवल्यासारखा पांढरा झाला, मग त्याला पोपडे आले, मग गेला. दुसरा आणला. गेला. तिसरा! दरवेळी पप्पा मेलेला रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून उल्हासनगरला, त्यांच्या ठरलेल्या दुकानात. मी सोबत जायचे, कारण नंतर दाबेली मिळायची. तिथले सिंधी काका रॉड उलटा-पालटा करून शांतपणे बोलायचे, "दादा, रॉड में कुछ नहीं है. आपका पानी खराब है."

पप्पा बाहेर येऊन मला बोलायचे, "धंदेवाले. माल यांचा भंगार आणि नाव पाण्याला."

मी तेव्हा आठवीत. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुष्फेन, म्हणजे जड पाण्याचा अख्खा धडा होता. मी बोलले, "पप्पा, पण पुस्तकात पण..." पप्पा बोलले, "पुस्तकातलं पाणी वेगळं."

मग चौथ्या वेळी रॉड न घेता गीझर घेतला. पंधरा लिटरचा, गोरा गोमटा, लाल दिव्याचा. सिंधी काकांनी पावती फाडता फाडता बजावलं, "साल में एक बार खोल के साफ करवाना. और मीठा पानी देना इसको." पप्पा हसले. म्हणजे, बॉयलरवाल्याला गीझर शिकवतो हा! घरी आणला, स्वतः बसवला आणि लाईन जोडली कुठे? बोअरिंगला. मी विचारलं तर बोलले, "हा काय बॉयलर आहे का? हा डबा आहे. डब्याला काय नाटकं."

पहिले चार-सहा महिने डबा छान चालला. मग आवाज सुरू झाला. आधी बारीक कुजबुज. मग भांड्यात शेंगदाणे भाजल्यासारखा. दीड वर्षात असला खडखडायला लागला की पाहुणे विचारायचे, वर कोण राहतं? वर गच्ची होती! दहा मिनिटांत तापणारं पाणी पाऊण तास घ्यायला लागलं. पप्पांचं उत्तर, "आवाज येतोय म्हणजे काम करतोय. घोरणारा माणूस झोपलेला असतो की नाही?" याला काय बोलणार, सांगा.

आता खरी गोष्ट. माझी ताई बदलापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, जानेवारीत. मुलगी झाली. हॉस्पिटलमध्ये ताईच्या सासूबाई बाळ बघायला आल्या, बाळ बघितलं आणि लगेच पाण्यावर आल्या.

"विहीणबाई, थंडी फार आहे हो. तुमच्याकडे पाण्याचं कसं? आमच्याकडे जांभूळच्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं. साबण दाखवला तरी फेस. आणि गरम पाणी म्हणाल तर गच्चीवर सोलर बसवलाय."

आई बोलली, "आमच्याकडे गीझर आहे."

"ऐकलंय. खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू येतो म्हणे." हे जिजूंनी सांगितलेलं. जिजू तेवढ्यात बाळाच्या बोटांची गणती करायला लागले. सासूबाईंचं सुरूच, "हे बघा, दहाव्या दिवशी मी येते. बाळंतिणीचं, बाळाचं नीट होत असेल तर सव्वा महिना राहू दे. नसेल तर त्याच रिक्षात दोघींना घेऊन जाते. माझा पण जीव आहे नातीवर."

सासूबाई वाईट नाहीत. पण त्यांच्या घरात माणसं सात आणि करणारी एक, आमची ताई. सातव्या महिन्यापर्यंत ती पहाटे सात डबे भरत होती. सासूबाई गेल्यावर ताईने माझा हात पकडला, आणि ताई अशी हात पकडणारी नाही, मारणारी आहे. बोलली, "मला नेऊ देऊ नका. सव्वा महिना झोपू द्या मला. नंतर आयुष्यभर करतेच आहे."

घरी आली आणि खरंच झोपली. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. आई दर तासाला जाऊन बघायची, बाळाला नाही, तिला.

मालिशला एक मावशी यायच्या, शिवमंदिराकडून, पूल ओलांडून चालत. शेकडो पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, असं त्याच सांगायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी गीझरच्या पाण्यात कोपर बुडवलं आणि आईकडे बघितलं.

"हे पाणी बाळाला की भांड्याला?"

"गरम आहे ना?"

"ह्याच्यात चहापत्ती टाकली तर ती पोहायला शिकेल. रंग नाही सोडणार."

मग गॅसवर टोप चढायला लागला. बाळाला एक टोप, ताईला दोन, शेकाचं वेगळं. आणि टोपात पाणी कोणतं? बोअरिंगचंच, धर्म आहे ना! सिलेंडर आठव्या दिवशी संपला. दुसऱ्याचा नंबर लावलेला, पण नंबर म्हणजे काय, कधी येईल तेव्हा. स्टोव्ह होता, रॉकेल नव्हतं. बाळाच्या अंगावर बारीक लाल पुरळ आलं. मावशी बोलल्या, "पाणी टोचतंय तिला." वर रोज दहा ते बारा लोडशेडिंग. म्हणजे गीझरला काय घोरायचंय ते दहाच्या आत घोरायचं.

नवव्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. गीझरने एक दीर्घ खडखडाट केला, आतून 'फट्ट' झालं आणि घरातला फ्यूज उडाला. नंतर शांतता. वर्षभरात पहिल्यांदा आमच्या बाथरूममध्ये इतकी शांतता.

उद्या सासूबाई.

पप्पा फर्स्ट शिफ्ट करून चारला आले. काही न बोलता पाना घेतला, गीझर उतरवला, खालच्या प्लेटचे बोल्ट सोडले. मी खाली बादली धरून. प्लेट निघाली आणि, खोटं नाही सांगत, खडी उतरवतात ना ट्रकमधून, तसा आवाज. खळळळ! पांढरे पोपडे, चपटे तुकडे, सुपारीएवढे खडे. अर्धी बादली भरली. पंधरा लिटरच्या गीझरमध्ये पाण्याला जागाच नव्हती, ते आपलं भाड्याने राहत होतं. कॉइल बाहेर काढली तर मक्याच्या कणसाएवढी जाड, आणि मध्ये फुटलेली.

आईने खुंटीवरची बॅटरी काढली. कमरेवर हात ठेवून गीझरच्या पोटात उजेड टाकला, इन्स्पेक्टर बघतो तसा. मग बोटाचं नख आतून फिरवलं आणि ते पांढरं नख पप्पांच्या नाकासमोर धरलं.

"नवरीसारखा ठेवलाय."

मला हसू फुटलं. पण आई हसत नव्हती. बोलली, "वीस वर्षं कंपनीच्या बॉयलरला सॉफ्ट पाणी. पोटच्या पोरीला आणि तिच्या पोरीला दगड. शेठच्या लोखंडाची काळजी जास्त तुम्हाला."

पप्पा बादलीकडे बघत बसले. आतल्या खोलीत ताई जागी होती, सगळं ऐकत होती. ती फक्त एवढंच बोलली, "बॅग भरून ठेवू का मी?"

त्यावर पप्पा उठले. कंपनीत साहेब ओरडला तरी ते एवढ्या झटक्यात उठत नसतील. फुटकी कॉइल पेपरात गुंडाळली, उल्हासनगर गाठलं. मी मागे. यावेळी दाबेली मागायची हिंमत नव्हती. सिंधी काकांनी कॉइल बघितली, पप्पांचा चेहरा बघितला आणि पाण्याचा विषय काढलाच नाही. नवी कॉइल दिली, रबरची रिंग दिली, वर लिंबाच्या फुलाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं, पाकीट टाकलं. पप्पाच शेवटी बोलले, "पानी खराब है हमारा."

काका बोलले, "चलो, अच्छा हुआ दादा." बस्स. माणसाने जिंकावं तर असं.

संध्याकाळभर पप्पांनी गीझर खरवडला, मग लिंबाच्या फुलाचं पाणी भरून ठेवलं. ते आत फसफसत होतं आणि आम्ही सगळे कान लावून बसलेलो. मग बोअरिंगची जोडणी त्यांनी काढली आणि नळाला बूच मारलं. गीझर भिंतीवर वीतभर खाली घेतला. बाथरूमच्या वरच्या माळ्यावर आमचा निळा ड्रम धुऊन चढवला, त्यातून पाइप गीझरला.

"फीड टँक," पप्पा बोलले. पहिल्यांदाच आमच्या घराला कंपनीतला शब्द मिळाला!

राहिला एकच प्रश्न, ड्रममध्ये पालिकेचं पाणी चढवायचं, स्वतःच लिहिलेली पाटी मोडून.

सकाळी सहाला नळ आला. प्यायचे हंडे आधी भरले, मग किचनच्या नळाला लांब नळी लावली, माळ्यापर्यंत. पप्पा सुट्टी टाकून शिडीवर, मी नळाजवळ, आई केर काढायला दार उघडं टाकून. नेमक्या तेव्हाच दुसऱ्या मजल्यावरच्या काकी गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाल्या. आमच्या दारात थांबल्या. नळी बघितली, नळ बघितला, शिडी बघितली, शिडीवरचे धर्मसंस्थापक बघितले.

"काय भाऊ? पालिकेचं पाणी फक्त पिण्यासाठी ना? मग हे कोण पितंय, गीझर?"

दोन वर्षांनी बाई बोलल्या आणि काय बोलल्या! मी नळ बंद करू की नको. पप्पा शिडीवरच.

"वहिनी, घरात बाळंतीण आहे. बाळाला ते पाणी टोचतंय."

काकींनी कपड्यांची बादली खाली ठेवली. "मी पण तेव्हा बाळंतीणच होते, भाऊ. जिन्यात उभं केलं होतंत ना मला? धुणी नव्हती ती. लंगोट होते. बोअरिंगच्या पाण्याने पत्र्यासारखे कडक व्हायचे. माझ्या पोराची सालं निघाली होती."

केरसुणी थांबली. नळी तेवढी वाजत होती ड्रममध्ये. मी पप्पांकडे बघितलं तर ते शिडीचा दांडा दोन्ही हातांनी पकडून उभे. माफी मागायला त्यांना शब्द सापडेना. त्यांना फक्त व्हॉल्व माहिती. वीस वर्षांत कधी शिकलेच नाहीत बिचारे.

काकी खाली गेल्या. आता पाटीसकट सगळी सोसायटी येणार, मी धरून चालले. तर दोन मिनिटांत डोक्यावर हंडा घेऊन वर आल्या.

"चाळीस मिनिटांत तुमचा ड्रम काय भरतोय. घ्या. अजून एक आहे खाली, पोरीला पाठवा." आणि जाताना पप्पांना नाही, आईला बोलल्या, "बाळासाठी देतेय."

ड्रम भरला. साडेनऊला बटण दाबलं. गीझर गप्प. इतका गप्प की पप्पा दोनदा हात लावून आले. दहा मिनिटांत लाल दिवा गेला. मी नळ उघडला आणि वाफ! म्हणजे खरीखुरी, आरसा धुरकट करणारी. मी आरशावर बोटाने 'पास' लिहिलं.

दहाला लाईट गेली, पण पाणी आत तापून बसलेलं. अकराला जिजूंचा मिस्ड कॉल, म्हणजे रिक्षा खाली. सासूबाई आल्या, चपला काढल्या आणि थेट बाथरूम. नळ सोडला, हात धरला, पटकन मागे घेतला. साबण घेतला, हातावर फिरवला. फेस. परत फिरवला. अजून फेस. मालिशवाल्या मावशी मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या, सगळं बघत.

"आमच्यासारखाच फेस होतोय की," सासूबाई बोलल्या. "मग लोकं काय काय सांगतात."

जिजू छताकडे बघायला लागले.

मावशींना राहवेना. "अहो काय सांगू ताई, ह्या घरात कालपर्यंत..."

आईने डब्यातला डिंकाचा लाडू काढला आणि सरळ मावशींच्या तोंडात! अख्खा. मावशी चावत राहिल्या, चावत राहिल्या, आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत. लाडू संपला. मावशींनी तोंड पुसलं.

"...कालपर्यंत पोर रडत होती. आज बघा, पाण्यात हसली."

सासूबाईंनी नातीला घेतलं, पाठीवरचं पुरळ बघितलं, हलकेच हात फिरवला. मग ताईकडे गेल्या. ताई गाढ झोपलेली, सासू आल्याचं पण कळलं नाही, तोंड उघडं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. काय बघितलं कोण जाणे. आईला हळूच बोलल्या, "झोपू दे. रिक्षा सोडते मी. बारशाला येतो."

ताई पूर्ण सव्वा महिना राहिली. वर चार दिवस. रोज सहाला काकींचा एक हंडा वर यायचा आणि रोज पप्पा दारात उभे राहून तो दोन्ही हातांनी घ्यायचे. 'सॉरी' काही यायचं नाही तोंडातून. माझ्या पप्पांना 'बॉयलर' सोडून इंग्लिश येत नाही असं नाही हो. पण नाही.

मग एका रविवारी ते रंगाचा डबा घेऊन जिन्याखाली गेले. स्टूल मी धरलं. 'पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी'च्या खाली जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात, जीभ बाहेर काढून, त्यांनी लिहिलं, "तसेच बाळंतीण व बाळासाठी." 'हुकमावरून' तेवढं खोडलं.

काकी भाजी घेऊन येत होत्या. थांबून वाचलं.

"दोन वर्षं उशिरा आलं तुमचं पाणी, भाऊ," बोलल्या आणि वर गेल्या.

पप्पा स्टुलावरून उतरले. जिन्याखालच्या बोअरिंगच्या नळावर हात धुवायला बसले. साबण घेतला, घासला. परत घासला. मी बाजूला डबा धरून उभी. फेस काही येईना, आणि पप्पा घासतच राहिले.